आईच्या मापाचा कोट

बराच वेळ कोणीच बोलले नव्हते. आरशापुढच्या बुटक्या लाकडी ठोकळ्यावर मॅडम उभ्या होत्या. अंगात त्यांच्या गेलेल्या आईचा करड्या लोकरीचा लांब कोट होता, आणि त्यांच्या पायांशी गुडघे टेकून, सगळे जिला टाचणी म्हणत ती त्या कोटाची कड मुडपत होती. एक टाचणी ओठांतून निघे, कापडात शिरे, मग दुसरी. रस्त्यावरून एखादी अवजड गाडी गेली की दुकानाची काच थरथरे, आणि ती थरथर विरली की आतली शांतता पहिल्यापेक्षा घट्ट होई.

टाचणी हे तिचे खरे नाव नव्हे. काज-बटणे करणाऱ्या काकांनी, ती इथे कामाला लागली तेव्हाच, ते तिला बहाल केले होते. ओठांत सदा टाचण्या धरून काम करायची तिची खोड. त्यामुळे गिऱ्हाइकाने काही विचारले की ती भुवयांनी हो म्हणे आणि मानेने नाही. "हिच्या तोंडून शब्द काढायचा तर चुंबक घेऊन या," असे काका येईल त्याला सांगत. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला प्रश्न विचारू नये, विचारलाच तर उत्तराची वाट पाहू नये, ही त्या धंद्यातली साधी रीत. आज तिने त्या रीतीची ढाल केली होती. कोटाची कड मुडपायला एवढा वेळ लागत नसतो, हे काकांना त्यांच्या कोपऱ्यातूनही कळत होते.

शांतता ही खरे तर मॅडमची मिरास. दुखावलेल्या मनांची माणसे ज्या खोलीत त्यांच्याकडे येत, त्या खोलीत त्या शांतता अशी ठेवत, जसा कोणी पाहुण्यापुढे पाण्याचा पेला ठेवतो: घाई नाही, तहान लागेल तेव्हा घ्या. आणि माणसे घेत. टाचणीनेही घेतली होती. आज कोणीतरी तोच पेला उलट त्यांच्यापुढे सरकवला होता, आणि त्यांच्या घशाखाली घोट उतरत नव्हता. त्या एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या, बाही खाली ओढत होत्या, आरशात स्वतःकडे पाहून नजर काढून घेत होत्या. टाचणी हे सगळे खालून पाहत होती, आणि तिला ते गोड लागत होते.

ते दुकान नव्या कपड्यांचे नव्हे. माणसे वाळतात, सुटतात, वाकतात, मरतात. कपडे मात्र त्याच मापाचे राहतात. त्या दोहोंमधले अंतर मिटवणे एवढाच त्या दुकानाचा व्यवसाय. उसवायचे, घ्यायचे, सोडायचे, पुन्हा टीप मारायची. मॅडम कोट घेऊन आल्या तेव्हा टाचणीने तो पालथा करून शिवणी पाहिल्या, आत दुमडलेली माया, म्हणजे जादा कापड, भरपूर आहे, हवा तसा बसवता येईल, एवढे एकच वाक्य ती बोलली, आणि ओठांत टाचण्या घेतल्या. गेलेली म्हातारी आई रुंद खांद्यांची होती. लेक चणीने लहान. आईचा कोट लेकीला मोठा होतो यात नवल नव्हते. नवल हे, की त्या त्यात हरवल्यासारख्या दिसत होत्या, आणि दुकानाच्या उबेतही तो काढायचे नाव घेत नव्हत्या.

त्या कशासाठी आल्या आहेत हे टाचणीला ठाऊक होते. कोटासाठी तर नक्कीच नाही.

दोघी पहिल्यांदा भेटल्या तेव्हा मॅडमच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढून येणारी टाचणी होती. तिची आई नुकतीच गेली होती. कशी गेली, हे सांगायला तिला कित्येक आठवडे लागले. नाट्यगृहाच्या मखमली पडद्यांचे घाईचे काम होते. ती घरी पायमशीनवर बसली होती आणि शेजारच्या खोलीत आई झोपून होती. शिवताना मध्येच एक बारीक, लांबट आवाज आला. मशीनची तक्रार असावी, चाकाला तेल हवे आहे, असे तिला वाटले. पडदा संपला की तेल घालू, असे म्हणून तिने पाय आणखी जोरात दाबला. शिवण पुरी झाली, दोरा तोडला, ती उठून आत गेली. आवाज मशीनचा नव्हता.

त्यानंतर तिचे हात मशीनवर टिकेनात. दोन वीत शिवण झाली की थांबून कान द्यायचा. पुन्हा पाय ठेवायचा, पुन्हा थांबायचे. कामे तुंबली, गिऱ्हाइके चिडली. शेवटी काकांनीच कुठून तरी मनाचे उपचार करणाऱ्या या मॅडमचा पत्ता मिळवला आणि तिला जवळजवळ ढकलतच तिथे धाडले.

न्यायाने सांगायचे तर मॅडम आपल्या कामात कच्च्या नव्हत्या. त्यांनी टाचणीला कधी उगाच रडू दिले नाही, कधी उगाच समजावले नाही. तुमची चूक नव्हती, हे सगळे जग म्हणत होते. त्या तसे कधीच म्हणाल्या नाहीत. "तुम्हाला आवाज आला होता," एवढेच त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदा कोणीतरी खरे बोलले म्हणून टाचणी त्या खोलीत हुंदके देऊन रडली. त्या दिवसापासून तिचा त्या बाईवर जीव जडला. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. पण बुडता काडीवर प्रेमही करू लागतो.

मग तो प्रस्ताव आला. वेळ संपत आली होती, टाचणी उठायच्या बेतात होती, आणि मॅडम नेहमीच्या शांत स्वरात म्हणाल्या की एक वेगळा प्रयोग करून पाहू. त्यांची आई आता त्यांच्याकडे राहायला आली होती, अंथरुणाला खिळली होती. तिच्या खोलीत खिडकीपाशी एक मशीन ठेवू. टाचणीने दुपारी आपले शिवण घेऊन यायचे, तिथे बसून शिवायचे. पलंगावर आजारी म्हातारी, मशीनवर ती. हाक आली की उठायचे. मनाला पुन्हा शिकवायचे, की मशीन चालू असतानाही हाक ऐकू येते. उपचारच आहे, असे समजा.

उपचार होताच. पण त्या घरात सोबतीला ठेवलेली एकही बाई महिनाभर टिकत नव्हती, म्हातारीच्या जिभेपुढे सगळ्या पळ काढत, हे टाचणीला फार नंतर कळले. एका दगडात दोन पक्षी मारणाऱ्याचे कौतुक होते. पक्ष्यांना कोणी विचारत नाही.

म्हातारी पहिल्या दिवशी तिच्याकडे पाहून म्हणाली, "पळायचं असेल तर आत्ताच पळ. मागाहून जीव लागला की पळताही येत नाही." टाचणीने तिला मावशी म्हटले, तर मावशा माझ्या सगळ्या मेल्या, मला त्यांच्यात ढकलू नकोस, असे म्हणून तिने तोंड फिरवले. मग काय म्हणू, असे विचारल्यावर बराच वेळ छताकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "आई म्हण. घरात एक आई म्हणणारी होती, ती हल्ली मॅडम झालीय."

मायलेकींमध्ये अबोला होता. उघड भांडण नाही; पाणी हवे, नको, उशी वर कर, एवढ्यापुरते बोलणे. चार दिवस ये म्हणून लेकीने आईला तिच्या राहत्या घरातून आणले होते, आणि त्या चार दिवसांत ते घर मागच्या मागे विकून टाकले होते. आईला एकटे ठेवणे शक्य नव्हते, हे खरे. पण सांगून न्यायचे धैर्य झाले नाही, हेही खरे. म्हातारी टाचणीला त्या घराबद्दल सांगे: कोणत्या दाराची कडी वर उचलून मगच लागते, कोणत्या खिडकीतून सकाळी ऊन कुठवर येते. सांगता सांगता डोळे मिटून घेई आणि हाताने हवेतली कडी वर उचली. लेकीचे घरातले नाव मनी. "जगाला बोलतं करते माझी मनी," ती म्हणे, "आणि स्वतःच्या आईला मात्र न बोलता उचलून आणते."

टाचणीच्या दुपारी त्या खोलीत शिवल्या गेल्या. मशीन चाले, म्हातारी बोले, हाक मारी, कधी गरज असताना आणि कधी नुसती गंमत म्हणून. टाचणी उठे. उठता उठता एक दिवस तिच्या लक्षात आले की ती आता थांबून कान देत नाही. पाय चालू असतो आणि हाकही येते, दोन्ही एकाच वेळी. त्या रात्री ती घोडे विकून झोपली.

पण घर हे घर असते, आणि दवाखाना दवाखाना. संध्याकाळी मॅडम परतत, स्वयंपाकघरात टाचणीसमोर बसत, आज आई काय म्हणाली, माझ्याबद्दल काही म्हणाली का, असे लहान मुलीसारखे विचारत. एकदा तर तिच्या खांद्यावर डोके टेकून रडल्या. टाचणीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी त्याच बाई आपल्या खुर्चीत बसून, मान किंचित कलती करून, जणू काल काही घडलेच नाही अशा विचारत, की बोला, हा आठवडा कसा गेला. टाचणीला कळेना की काल जिच्या पाठीवरून हात फिरवला ती कोण आणि ही कोण. हळूहळू दुपार संध्याकाळपर्यंत लांबली. जाता जाता औषधे आणाल का, आईचे अंग पुसून घ्याल का, मला उशीर होईल, थांबाल का. नाही कसे म्हणायचे? ज्याने जखम बांधली त्याला नाही म्हणता येत नाही. एकदा घरी पाहुणे आले तेव्हा मॅडमनी, ह्या आईच्या सोबतीला येतात, अशी तिची ओळख करून दिली. टाचणी हसली, ओठांत टाचण्या घेतल्या आणि पाहुणे जाईपर्यंत काढल्या नाहीत.

तरीही हे सगळे तिने पोटात घातले असते. माणूस उपकाराखाली पुष्कळ काही सोसतो. सोसवले नाही ते पुढचे.

दुपारची वेळ होती. म्हातारीने बोलता बोलता विचारले की तू अजून मनीच्या दवाखान्यात कशाला जातेस. टाचणी म्हणाली, बरी व्हायला.

"बरी तर तू कधीच झालीस," म्हातारी म्हणाली. "मनी फोनवर सांगत होती कुणाला तरी, तिच्याच धंद्यातल्या. ती बाई बरी झालीय, पण इतक्यात सांगत नाही म्हणे. आईला तिची सवय झालीय. माझे पाय गेलेत गं, कान नाही गेले."

मशीन चालू होते. टाचणीने ते थांबवले नाही. शिवण वाकडी गेली, तीही तिने जाऊ दिली.

त्याच आठवड्यात, ठरलेल्या वेळी, त्या दोन खुर्च्यांच्या खोलीत तिने सरळ विचारले, की मी आता बरी झाले आहे का. मॅडमनी मान कलती केली. "तुम्हाला काय वाटतं?" त्या म्हणाल्या. मला वाटते झाले, असे टाचणी म्हणाली. त्यावर त्या हलकेच हसल्या आणि म्हणाल्या की असे वाटणे हाही प्रवासाचाच भाग असतो. अजून थोडे काम बाकी आहे.

अजून थोडे काम बाकी आहे. टाचणीने ते वाक्य घरी नेले आणि रोज पाजळले. तिने जाणे बंद केले नाही, कारण म्हातारी. मॅडमना काही बोलली नाही, तेही म्हातारीमुळेच. पण त्या दिवसापासून तिच्या आत काहीतरी बारीक, समान टाक्यांनी शिवले जाऊ लागले. सूड काही नेहमी सुरीचाच असतो असे नाही, धावदोऱ्याचाही असतो. ओढेपर्यंत दिसत नाही, आणि ओढला की सगळे कापड एकदम गोळा होते.

म्हातारी गेली तीही दुपारीच. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होते. सकाळपासून तिचा श्वास लागत होता. टाचणीने डॉक्टरांना कळवले, मॅडमना फोन केला. फोन बंद होता. समोर पेशंट असताना मॅडम फोन बंद ठेवत. ती त्यांची मर्यादा होती, आणि ती त्यांनी कधी मोडली नाही. टाचणीने पुन्हा केला, पुन्हा केला, मग पलंगापाशी येऊन बसली. म्हातारीचे डोळे उघडे होते, पण त्यांना ती दिसत नव्हती.

"मने," म्हातारी म्हणाली. "आलीस?"

तेव्हा नाही म्हणायला हवे होते. मी ती नव्हे, ती येते आहे, थांबा, असे सांगायला हवे होते. टाचणीने तोंड उघडले, आणि तिच्या तोंडून निघाले, "आले, आई."

म्हातारी पुष्कळ बोलली. तुटक, पण पुष्कळ. घराचे बोलली, कडीचे बोलली. मग म्हणाली, "सांगून न्यायचं होतंस गं. मी आले असते. आता राग नाही. तू आपल्या जिवाला लावून घेऊ नकोस, मने. मी सोडलं सगळं."

आणि टाचणीने त्या अंथरुणावर डोके ठेवले. "आई, मी आवाज ऐकला होता," ती म्हणाली. "तुझा आवाज ऐकला होता मी. उठले नाही." म्हातारीला काय कळले कोण जाणे. तिचा हात सरपटत आला आणि टाचणीच्या केसांत थांबला. "असू दे," ती म्हणाली. "असू दे गं, बाळा." हात तिथेच राहिला. जड झाला, तरी टाचणीने डोके हलवले नाही.

मॅडम आल्या तेव्हा सगळे संपले होते. त्यांनी विचारले, आणि टाचणी म्हणाली, झोपेतच गेल्या.

ते सांगताना सूड मनात होता की चोराची भीती, हे तिला स्वतःलाही उलगडले नाही. एवढे खरे, की पुढे आठवडाभर ती रोज मनाशी ठरवी: आज जाऊन सांगते. कितीही झाले तरी आईचे शब्द आहेत, लेकीचे आहेत. ती निघणार, तोच मॅडमचा निरोप आला. निरोप मोठा आदबशीर होता. आपल्यातले नाते आता निव्वळ उपचाराचे राहिलेले नाही, तेव्हा व्यावसायिक मर्यादांचा विचार करता तुमचे पुढचे उपचार मी करणे योग्य ठरणार नाही. एका सहकाऱ्याचा नंबर देत आहे. तुमच्या मदतीबद्दल मनःपूर्वक आभार. टाचणीने तो काकांना वाचून दाखवला. काकांनी चष्मा काढून पुसला.

"गरज सरो नि वैद्य मरो, अशी म्हण ऐकली होती," ते म्हणाले. "इथं वैद्याचीच गरज सरली, नि मारलं कोणाला?"

टाचणी सांगायला गेली नाही. मर्यादा हा शब्द त्या बाईकडून तिला पहिल्यांदाच आला होता. खांद्यावर रडताना तो त्यांना आठवला नव्हता. अंग पुसून घ्याल का, हे विचारताना आठवला नव्हता. शब्द चांगला होता. फक्त तो म्हातारी गेल्यावरच आठवला होता.

आणि आज मॅडम ठोकळ्यावर उभ्या होत्या.

"स्वयंपाकाच्या बाई परवा सहज बोलून गेल्या," त्या अखेर म्हणाल्या. आवाज घोगरा होता. "त्या दुपारी आईचा आवाज येत होता म्हणे. बराच वेळ."

टाचणीने ओठांतली टाचणी काढली आणि कडेत खुपसली. वर पाहिले नाही.

"तुम्ही मला म्हणालात, झोपेतच गेल्या."

कोपऱ्यात काकांचे मशीन थांबले, मग अवघडून पुन्हा सुरू झाले. टाचणीने राहिलेल्या टाचण्या तोंडातून काढल्या, मनगटावरच्या उशीत एकेक करून टोचल्या. तिला घाई नव्हती. या क्षणासाठी ती इतके दिवस टाके घालत होती.

"तुम्हाला काय वाटतं?" ती म्हणाली.

आरशात मॅडमच्या चेहऱ्यावर चपराक बसावी तशी लाली पसरली. मी इथे मॅडम म्हणून आलेले नाही, असे काहीसे त्या पुटपुटल्या.

"मग कोण म्हणून आलात? या ठोकळ्यावर चढलेलं माणूस आमच्याकडे गिऱ्हाईक असतं. तुमच्याकडे खुर्चीत बसलेलं पेशंट. इथवर सोपं आहे. मला मात्र तुम्ही खुर्चीतही बसवलंत नि आईच्या उशाशीही. मी तिथं कोण होते, ते मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं असेल तर सांगा, त्या सहकाऱ्यांना सांगायला बरं पडेल."

मॅडमनी डोळे मिटले. हे त्यांनी ऐकून घेतले. ऐकून घेणे त्यांना येत होते. टाचणीचा राग त्यामुळे आणखी तापला. ही बाई मार खातानाही आपले काम करीत होती.

"बरं, ते राहू द्या," ती म्हणाली. "एकच विचारते. खरं सांगायचं. तुम्ही खरं सांगा, मग मी सांगते. मी बरी कधी झाले?"

टेबलावरच्या इस्त्रीने मंद सुस्कारा टाकला. मॅडम आरशातून तिच्याकडे पाहत राहिल्या. त्यांचा तो सरावाचा चेहरा, किंचित कललेला, सगळ्यांना सामावणारा, हळूहळू उतरत गेला, आणि त्याखाली एक थकलेली, नाक लाल झालेली, साधी बाई निघाली.

"थंडी पडायच्या आधीच," त्या म्हणाल्या. "मी लवकर घरी आले होते. दारात उभी होते. तुम्ही शिवत होतात, आईनं तुम्हाला काहीतरी विचारलं, आणि तुम्ही मशीन न थांबवता तिला उत्तर दिलंत. दोघी हसलात. मला तिथंच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही यायच्या थांबला असता."

"मी थांबले नसते."

"ते मला माहीत नव्हतं. विचारायची हिंमत नव्हती." त्यांनी कोटाची बाही मुठीत धरली. "ती माझ्याशी बोलत नव्हती हो. तुमच्याशी बोलायची. मी बाहेरच्या खोलीत बसून ऐकायची, शब्द नाही, नुसता आवाज. तुम्ही गेला असतात तर घरात कोणीच बोललं नसतं. चुकीचं आहे, माझ्या धंद्यात याहून मोठी चूक नाही, हे मला रोज माहीत होतं. रोज वाटायचं, उद्या सांगू. मग ती गेली, नि मी घाबरले. तो निरोप मी घाबरून पाठवला. नियमाच्या पाठीमागे लपले."

टाचणीने हे ऐकले. तिला वाटले होते की हे ऐकून आत काहीतरी सैल होईल, गाठ सुटेल, निदान आनंद तरी होईल. काही झाले नाही. जे तिला ठाऊक होते तेच पुन्हा ऐकू आले होते. फक्त आता ते रडत रडत आले होते.

"आता तुम्ही सांगा," मॅडम म्हणाल्या. "काय म्हणाली? माझं नाव घेतलं का तिनं?"

उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होते. दोन शब्दांत ही बाई मोकळी झाली असती. मने, राग नाही. एवढे म्हणायचे आणि खाली बसून कड पुरी करायची. दिल्या वचनाची फेड झाली असती. पण ते दोन शब्द एकटे येणार नव्हते. त्यांच्या मागोमाग विचारले गेले असते, की मग तू काय म्हणालीस, ती कोणाशी बोलत होती, तिचा हात कोणाच्या केसांत होता. ज्या क्षमेवर टाचणी आज उभी होती, ती दुसरीच्या नावावर आलेली होती. ती परत दिली की शेजारच्या खोलीतला तो बारीक, लांबट आवाज पुन्हा अनाथ होणार होता. आणि त्याच्याही खाली, तळाशी, तिने स्वतःपासून लपवले नाही असे आणखी एक होते: या बाईने आयुष्यभर वाट पाहावी, प्रत्येक दुपारी आठवावे, कधीच कळू नये, असे तिला वाटत होते. मनापासून वाटत होते. अजून थोडे काम बाकी आहे, असे कोणीतरी यांनाही सांगायला हवे होते.

ती उठली. गुडघे कडाडले. तिने मॅडमच्या खांद्यावरचा एक धागा चिमटीत उचलला, झटकला, आणि एक पाऊल मागे जाऊन कोट कसा बसला आहे ते नीट पाहिले. डावी बाजू मापात आली होती. उजवी अजून आईचीच होती.

"सांगा ना," मॅडम म्हणाल्या. आणि मग, त्या खोलीत कधी म्हणाल्या नव्हत्या, त्या घरातही कधी म्हणाल्या नव्हत्या, असे म्हणाल्या, "ताई."

ठोकळ्यावरून उतरता येत नव्हते. कडेभोवती टाचण्या होत्या, हलले की पोटरीला लागत. त्यांनी एक हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. काकांनी मशीन थांबवले, टाचणीकडे पाहिले, कदाचित विचारणार होते, पण तिचा चेहरा पाहून त्यांनी डोळे हातातल्या काजाकडे वळवले. टाचणी इस्त्रीच्या टेबलाजवळून गेली, टांगलेल्या पँटींच्या रांगेतून वाट काढत गेली, मागचे दार ढकलून बाहेर पडली.

मागच्या गल्लीत ऊन होते. कोणीतरी सायकल उलटी करून तिची साखळी बसवत होते. एक बाई गच्चीवरून खाली कोणाला तरी रागवत होती. टाचणी त्यांच्यामधून चालत राहिली. पर्स दुकानातच होती, चपला पातळ, आत घालायच्या होत्या, आणि गळ्यातली मापाची टेप, दोन्ही टोके पुढे सोडलेली, चालण्याबरोबर छातीवर आपटत होती.